मागच्या साहेबांना दाखवलाय याला

प्रति,
मा. सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन,
मुंबई

विषय : नवीन साहेब आल्यावर आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला न लावणेबाबत.

महोदय / महोदया,

नावाची जागा मुद्दाम कोरी सोडली आहे. हे पत्र खुर्चीला आहे. आज तिच्यावर जे कोणी असतील त्यांना, आणि उद्या आदेश निघाल्यावर जे येतील त्यांनाही. सचिव बदलल्याची बातमी आमच्या तालुक्यात पेपरातून येते, पण बऱ्याचदा त्याआधीच गिऱ्हाईकाच्या हातातल्या कागदावरून कळलेली असते. आतापर्यंत लागत नव्हता असा एखादा दाखला लागायला लागला की समजायचं, वर कोणीतरी नवीन रुजू झालं.

मी नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या एका तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. एसटी स्टँडच्या मागे, दहा बाय बाराची खोली. एक संगणक, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, भिंतीला टेकवलेल्या माझ्या कुबड्या. दोन वर्षांचा असताना डावा पाय पोलिओनं गेला. दिवसभर लोकांचे अर्ज भरतो : उत्पन्नाचा दाखला, निराधार, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हयातीचा दाखला. येणाऱ्यांत आमच्यातलीच माणसं जास्त, कारण माझ्या दुकानाला पायरी नाही. ज्या कार्यालयात तो अर्ज पुढे द्यायचा असतो त्याला सात आहेत. रॅम्प आहे, पण त्यावर कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली लागतात.

तर एक प्रसंग सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

संजय गांधी निराधार योजनेचे पैसे डिसेंबर २०२४ पासून आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा व्हायला लागले. त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एक बाई मुलाला कडेवर घेऊन आल्या. मुलगा चोवीस वर्षांचा. अंगानं दहा वर्षांच्या पोराएवढा, पाय एकमेकांत अडकलेले, मान एका बाजूला. प्रमाणपत्रावर सेरेब्रल पाल्सी लिहिलं आहे. गावात ते नाव कोणाला माहीत नाही, ‘आखडलंय’ म्हणतात. चार महिने पैसे आले नव्हते. मी तपासलं तर आधार प्रमाणीकरण बाकी.

प्रमाणीकरण म्हणजे अंगठा. त्याचा अंगठा कायम मुठीच्या आत असतो. शेजारच्या चहावाल्याकडून वाटीभर गरम पाणी आणलं. मूठ पाण्यात धरायची, करंगळीकडून हळूहळू उघडत यायचं, जोर लावायचा नाही, नाहीतर आणखी आवळते. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही, करत करत आलं. अंगठा उघडला, मशीनवर ठेवला, ठसा नीट नाही म्हणालं. पुन्हा पाणी. पुन्हा नाही. डोळ्याचं मशीन लावलं तर बुबुळ एका जागी थांबेना. मोबाइलवर चेहरा धरला, तर त्यात सांगितल्यावर पापणी लवायची असते; तो माझ्याकडे बघून हसायला लागला. तेव्हा त्याची आई म्हणाली, “दादा, मागच्या साहेबांना दाखवलाय याला.”

मी विचारलं, कोणत्या साहेबांना?

“मागच्या.”

सिव्हिलचे डॉक्टर असतील, तलाठी असेल, एखाद्या शिबिरातला अधिकारी असेल. त्यांना नाव ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. त्यांच्या लेखी सरकार म्हणजे एक साहेब. तो अधूनमधून बदलतो, आणि बदलला की पोराला पुन्हा नेऊन दाखवावं लागतं. शेवटी उजव्या हाताचं मधलं बोट लागलं, सातव्या वेळी. पावणेदोन तास गेले होते.

मी तीस वर्षं फॉर्म भरतो आहे. तुमच्या खात्याचं वर्णन इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नसतं.

माझाच पाय घ्या. पहिलं प्रमाणपत्र हातानं लिहिलेलं, फोटोवर अर्धा शिक्का, अपंगत्व ६० टक्के. मग २०१२ च्या सुमारास राज्यानं ऑनलाइन प्रणाली आणली, एसएडीएम. जुनं चालणार नाही, पुन्हा डॉक्टरांच्या बोर्डासमोर. तिथं ५४ टक्के भरले. मग केंद्राचं स्वावलंबन पोर्टल आलं, यूडीआयडी आलं, आमच्या भाषेत ‘वैश्विक कार्ड’. पुन्हा बोर्ड, पुन्हा ६०. पाय मधल्या काळात कुठं गेला नव्हता आणि परत आला नव्हता. पोलिओनं गेलेला पाय दर वेळी तितकाच गेलेला असतो. मला सहा टक्क्यांनी फरक पडला नाही, पण जो माणूस ४२ वर आहे त्याला विचारा. ४० ही कायद्यातली रेघ आहे. तिच्याखाली उतरला की आरक्षण नाही, निराधार नाही, एसटीची सवलत नाही. तो माणूस बोर्डाला जायच्या आदल्या रात्री झोपत नाही, आणि सकाळी थोडा जास्तच लंगडतो. मी त्याला दोष देत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं नियम बदलले, कार्डांना रंग आले : ४० च्या आत पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० च्या वर निळं. त्याच बदलात प्रमाणपत्र द्यायची मुदत एका महिन्याची तीन महिने झाली. रंगांची बातमी सगळीकडे आली, मुदतीची फारशी कोणी छापली नाही.

नावं बदलायची तर आम्हाला आता सवयच आहे. अपंग होतो, विकलांग झालो, २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांच्या भाषणानंतर दिव्यांग झालो. माझ्या पाटीवर अजून ‘अपंगांसाठी विशेष सोय’ आहे. रंगारी दोनशे रुपये मागतो.

आता तुमच्या विभागाबद्दल. ३ डिसेंबर २०२२ ला, जागतिक दिव्यांग दिनी, स्वतंत्र विभागाची घोषणा झाली तेव्हा आम्ही इथं पेढे वाटले होते. खोटं सांगत नाही, मीच अर्धा किलो आणले. ‘देशातला पहिला’ असं त्या वेळी ऐकलं. उत्तर प्रदेशात आणि तमिळनाडूत आधीपासून आहेत असं नंतर वाचलं, पण त्यानं आनंद कमी झाला नाही. सामाजिक न्यायच्या मोठ्या घरात आम्ही कोपऱ्यात होतो, आता आपलं दार झालं, असं वाटलं.

वेगळी चूल मांडली खरी, धान्याची कोठी मात्र थोरल्या घरातच राहिली. माझ्याकडे येणारा माणूस ज्यासाठी येतो, ते निराधारचं मासिक अनुदान सामाजिक न्याय विभागाकडे. त्याचा अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत, म्हणजे महसूलच्या माणसांकडे. टक्के ठरवणारं बोर्ड आरोग्य विभागाचं. दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या हातात. तो खर्च झाला का हे विचारायला गेलं की ग्रामसेवक ‘यंदा वसुलीच झाली नाही’ म्हणतो. तुमच्याकडे विशेष शाळा, कार्यशाळा, शिष्यवृत्त्या, महामंडळाचं कर्ज. महत्त्वाचं आहे, नाही असं नाही. पण कडेवरच्या त्या पोराच्या आयुष्यात दर महिन्याला जे एकच सरकार पोचतं, ते तुमच्या विभागाचं नाही. तुम्ही त्याच्या नावाचे सचिव आहात, त्याच्या पैशाचे नाही.

पैशाचंही सांगतो, विषय निघालाच आहे. निराधार योजना १९८० ची. जुलै २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार झाले, आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना अडीच हजार. त्याआधी जूनमध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले होते. त्यांच्या मागण्यांत सहा हजारांची मागणी होती. अडीच मिळाले, आम्ही घेतले, आभारही मानले. पण आमच्या इथून नदी ओलांडली की तेलंगणात ४,०१६ मिळतात. आंध्रात २०२४ पासून सहा हजार आहेत. शेजारच्या धर्माबाद तालुक्यातले सरपंच २०१८ मध्ये ‘आम्हाला तेलंगणात टाका’ म्हणाले तेव्हा मुंबईत लोकांना गंमत वाटली असेल. आम्हाला नाही वाटली. माझ्याकडे येणाऱ्या दोघांच्या बहिणी पलीकडे दिलेल्या आहेत. दिवाळीला आल्या की हिशेब होतो.

आणि ही रक्कम तरी कोणाला? दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पन्नास हजार. दिवसाला १३७ रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ होता. म्हणजे घरातल्या एकाच माणसानं वर्षात १६१ दिवस त्या दरानं मजुरी केली की घर अपात्र. त्याच राज्यात लाडकी बहीणसाठी मर्यादा अडीच लाख आहे. ती योजना वाईट असं मी म्हणत नाही, माझ्या बायकोलाही मिळते. पण एकच घर एका योजनेत गरीब आणि दुसरीत श्रीमंत कसं, हे मला गिऱ्हाईकाला समजावता येत नाही. मग काय होतं ते तुम्हालाही माहीत असणार. सगळ्यांचे दाखले अठ्ठेचाळीस हजारांचे निघतात. एका अख्ख्या भागात प्रत्येक घराचं उत्पन्न अठ्ठेचाळीस हजार, दोन हजार जास्त नाही की कमी नाही. खोटं बोलायला आम्ही शिकलो नव्हतो, मर्यादेनं शिकवलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये तुकाराम मुंढे तुमच्या या खुर्चीवर आले. त्यांची ख्याती आम्हालाही ठाऊक : वीस वर्षांच्या नोकरीत वीसहून जास्त बदल्या. आले आणि त्यांनी कर्मचाऱ्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांची पडताळणी लावली. जिल्हा परिषदांतून निलंबनं सुरू झाली. मी त्या बातम्या कापून ठेवल्या आहेत. मनापासून सांगतो, बरं वाटलं. शिक्षकांच्या बदल्यांत ‘विशेष संवर्ग भाग एक’ असतो. त्यात बसलं की गावाजवळची शाळा मिळते. त्यासाठी किती जणांचे कान अचानक गेले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. कान सोयीचा, कारण तो दिसत नाही. बेरा, म्हणजे कानाच्या नसांची तपासणी लावली की कळतं, पण लावायला कोणीतरी पाहिजे. २०२४ मध्ये पुण्यातल्या त्या प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण झालं, लोकसेवा आयोगानं उमेदवारी रद्द केली, तेव्हा माझ्या दुकानात बसलेला एक अंध मुलगा स्पर्धा परीक्षेची ब्रेल पुस्तकं मांडीवर घेऊन रेडिओ ऐकत होता. तो काही बोलला नाही, आवाज मोठा केला फक्त.

तेव्हा पडताळणी नको, असं म्हणणारा मी नाही. करा, कडक करा. पण वरून सुटलेला आदेश खाली येईपर्यंत त्याचं काय होतं ते बघा. आदेश पगारदार कर्मचाऱ्यांसाठी असतो. जिल्ह्यावर पोचतो तेव्हा ‘सर्व प्रमाणपत्रधारक’ होतो, तालुक्याला ‘सर्व लाभार्थी’ होतो, आणि गावात कोतवाल सांगतो, “सगळ्या लंगड्यांनी कार्ड घेऊन या, नाहीतर पैसे बंद.” ज्याच्यासाठी चाळण लावली तो वकील गाठून कोर्टातून स्थगिती आणतो. चाळणीत अडकते ती कडेवर पोर घेऊन येणारी बाई.

बरं, हे सगळं करणारा साहेब तरी टिकावा. आमच्या राज्यात बदल्यांचा कायदा आहे, २००५ चा. अण्णा हजारे उपोषणाला बसले म्हणून झालेला. साधारण तीन वर्षं एका जागी, असं त्यात लिहिलं आहे. तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल, तुमच्या जिवाचा आहे. त्या तीन वर्षांची किती जणांना पुरती चव मिळते हेही तुम्हीच जाणता. मधल्या काळात ‘अतिरिक्त कार्यभार’ असतो. अतिरिक्त कार्यभारवाला साहेब पगाराच्या बिलावर तेवढी सही करतो, असं कार्यालयातलीच माणसं चहा पिताना सांगतात.

पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचंही तेच. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या कलम ७९ मध्ये राज्य आयुक्ताला पुनर्वसनाच्या कामाचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असावा अशी अट आहे. त्यांना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत, साक्षीदाराला बोलावता येतं, कागद मागवता येतात. आपल्याकडे तिथं सनदी अधिकारी येतात, चांगलेही येतात, आणि विषय समजेपर्यंत जातात. शिवाय विभागाच्या योजना राबवायच्याही त्यांनीच आणि त्याच योजनांच्या तक्रारी ऐकायच्याही त्यांनीच. माझ्या ओळखीच्या एकाची तक्रार एका कार्यालयात सुनावणीला होती. दोन तारखा झाल्या, साहेब बदलले, तिसऱ्या तारखेला विचारलं गेलं, “तुमचं प्रकरण काय आहे, थोडक्यात सांगा.” तो मूकबधिर आहे. दुभाष्या पहिल्या दोन तारखांना होता, तिसऱ्याला नव्हता, कारण दुभाष्या बोलवायची टिपणी मागच्या साहेबांच्या सहीची होती.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. नवीन योजना नको, नवीन नाव तर नकोच, आणि कृपा करून नवीन शिबिर नको. ‘दिव्यांगांच्या दारी’ झालं तेव्हा आमच्यासाठी दार म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचा मांडव होता. इथून जाऊन-येऊन दिवस मोडला. जेवण चांगलं होतं.

पहिलं हे करा : ज्याचं प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे, त्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्याचे पैसे थांबणार नाहीत, असं एक पत्र काढा. निराधार तुमच्याकडे नाही हे मीच वर लिहिलं. पण ज्यांच्याकडे आहे ते तुमचा फोन उचलतात, माझा उचलत नाहीत. दोन्ही विभागांच्या सहीचं एक पान. शंका असेल त्याच्याकडे तपासायला माणूस पाठवा, हवं तर घरी. घरात गेल्यावर खरा कोण आणि खोटा कोण हे दारातच कळतं. कुबडीची रबरी टोपी झिजलेली आहे का नवी कोरी, एवढं बघितलं तरी पुरे. आमची टोपी दोन-तीन महिन्यांत जाते. खोट्याची जात नाही. (टोपीला चाळीस रुपये लागतात आणि ती कुठल्याच योजनेत बसत नाही, हे जाता जाता.)

दुसरं, खुर्ची सोडताना लिहून ठेवा. पदभार देताना तुम्ही कागदावर सह्या करता, शिक्का, किल्ल्या, गाडी यांची नोंद होते असं ऐकतो. त्यात आमची नोंद करा. कोणता आदेश अर्धा राहिला, कोणत्या जिल्ह्याचं बोर्ड किती दिवस बसलं नाही, कोणती फाइल कोणत्या टेबलावर आहे, आणि कोणाला आधीच तपासून झालं आहे, म्हणजे त्याला परत बोलवायचं नाही. ते पान विभागाच्या संकेतस्थळावर टाका, मराठीत, स्क्रीन रीडरला वाचता येईल असं. स्कॅन केलेला फोटो टाकू नका, वरच्या त्या अंध मुलाला तो वाचता येत नाही. मी त्याची प्रत काढून दुकानात लावीन. नवीन साहेब आल्यावर कोणी कागद मागितला, तर बोट ठेवून दाखवायला काहीतरी असेल.

आयुक्तपदाबद्दल कायदाच बोलतो, मी वेगळं काय सांगू. राज्यात २०११ च्या जनगणनेत आम्ही २९ लाखांच्या वर होतो, तेही आठच प्रकार मोजले जात असताना. कायद्यानं आता एकवीस केले आहेत. इतक्यांत पुनर्वसनाचा अनुभव असलेलं एक माणूस सापडू नये?

हे पत्र लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. बुधवारी सिव्हिलला बोर्ड असतं. पहाटेच्या गाडीनं आमच्या इथून तिघं निघतील : एक ४२ टक्केवाला, एक नवीन, आणि त्या बाई मुलाला घेऊन. बोट लागलं, पैसे आले, अडीच हजारही झाले, आणि गेल्या महिन्यात पुन्हा थांबले. आधारवर त्याच्या नावात एक अक्षर कमी आहे आणि कार्डावर पूर्ण आहे, दोन्ही जुळत नाहीत. दुरुस्तीला पुन्हा ठसे लागतील. मी त्यांना थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन जायला सांगितलं आहे.

आपला,
एक सेवा केंद्र चालक, जि. नांदेड
(६० टक्के, सध्या)